तुरा, पिसे आणि मांस

साहित्याच्या अभ्यासकांपुढे कोंबड्यांचा विषय मांडताना थोडा संकोच वाटतो, हे आधीच कबूल करतो. परंतु अमेरिकेतील एका संस्थेने २००९ साली 'हेरिटेज चिकन' कशाला म्हणावे याची जी व्याख्या प्रसिद्ध केली, ती वाचताना आम्हांला पाठचिकित्सेची आठवण झाली. पोथी शिल्लक राहते, पण तीत नेमके काय शिल्लक राहते, हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. घरामागच्या अंगणात मांसासाठी पाळलेल्या कोंबडीच्या इतिहासातही तोच प्रश्न आहे, आणि तिथे तो अधिक उघडपणे दिसतो. कारण पोथी निदान कपाटात पडून राहू शकते. कोंबडीची जात दरवर्षी नव्याने उबवावी लागते.

व्याख्या करणारी संस्था म्हणजे 'अमेरिकन लाइव्हस्टॉक ब्रीड्स कॉन्झर्व्हन्सी'. १९७७ साली ती स्थापन झाली आणि आता नुसती 'लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी' या नावाने ओळखली जाते. तिने चार अटी घातल्या. पहिली, जात अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या मानकात विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी मान्य झालेली असावी. दुसरी, कोंबडा-कोंबडीचा संयोग नैसर्गिक असावा. तिसरी, उघड्यावरचे आयुष्य दीर्घ आणि फलदायी असावे. कोंबडी पाच ते सात वर्षे, कोंबडा तीन ते पाच वर्षे उपयोगी राहावा. चौथी, वाढ सावकाश असावी. बाजारात जाण्याजोगे वजन यायला किमान सोळा आठवडे लागावेत.

दुसऱ्या अटीपाशी कोणीही थबकेल. कोंबड्याने कोंबडीशी संग करावा, ही अट म्हणून लिहावी लागते? लागते, आणि आपल्याकडील टर्कीच्या मागणीपायी अमेरिकेने हे आधीच अनुभवले होते: मोठ्या छातीची पांढरी टर्की माणसाच्या मदतीवाचून वंश वाढवू शकत नाही. राहिली चौथी अट. १९२५च्या सुमारास अमेरिकेत मांसाची कोंबडी अडीच पौंडांची, म्हणजे साधारण एक किलो शंभर ग्रॅमची व्हायला ११२ दिवस लागत. ११२ दिवस म्हणजे बरोबर सोळा आठवडे. आज तिथे सात आठवड्यांच्या आतबाहेर तिच्या दुपटीहून अधिक वजनाचा पक्षी तयार होतो. ज्या वाढीला आज 'वारसा' म्हणून मान मिळतो ती शंभर वर्षांपूर्वीची अगदी सामान्य वाढ होती, एवढे या आकड्यांवरून दिसते.

हे आपल्याला नवे नाही. महाराष्ट्रात पूर्वी कोंबडी ही नुसती कोंबडी होती. 'गावठी' हे विशेषण लागलेच तर ते कौतुकाचे नसे. मग ब्रॉयलर आली, लोकांनी तिचे 'बॉयलर' केले, आणि जिला आजवर नाव नव्हते तिला नाव देणे भाग पडले. आज हमरस्त्यावरच्या खानावळीच्या पाटीवर 'गावरान' हा शब्द ठळक अक्षरांत असतो आणि त्याचा दर वेगळा असतो. गंमत अशी की 'ब्रॉयलर' हे मुळात जातीचे नावच नव्हे. तो स्वयंपाकघरातला शब्द. विस्तवाच्या थेट आचेवर भाजता येईल इतका कोवळा पक्षी तो 'ब्रॉयलर'. त्याहून थोडा मोठा, तळण्याजोगा तो 'फ्रायर'. पाच महिन्यांपुढचा, भट्टीत अख्खा भाजायचा तो 'रोस्टर'. आणि वर्षापुढची जून कोंबडी रश्श्याची. एकाच खुराड्यातला एकच पक्षी वयाप्रमाणे या चारही नावांतून जात असे. जुन्या पाकपुस्तकांतली ही शब्दांची उतरंड म्हणजे घरगुती कोंबडीपालनाचे वर्षाचे वेळापत्रकच होते. सगळे पक्षी सहा-सात आठवड्यांत कापले जाऊ लागले आणि उतरंडीतला पहिला शब्द तेवढा उरला. तोही जातीचे नाव होऊन.

आता मानकाकडे वळू. कोंबड्यांच्या जाती जुन्या असल्या तरी जातींचे लिखित शास्त्र फार जुने नाही. रोमन लेखक कोलुमेला याने पहिल्या शतकात शेतीवरच्या ग्रंथात पाच बोटांच्या कोंबड्या उत्तम म्हणून सांगितल्या आहेत, आणि इंग्लंडची 'डॉर्किंग' ही मांसाची जुनी जात आजही पाच बोटांचीच आहे. पण अशा नोंदी तुरळक. इंग्लंडमध्ये १८३५ साली कोंबड्यांच्या झुंजींवर कायद्याने बंदी आली, चीनहून आलेल्या प्रचंड आकाराच्या, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्यांनी १८४०च्या दशकात लोकांना वेड लावले, आणि झुंजीच्या रिंगणाची जागा प्रदर्शनाच्या पिंजऱ्याने घेतली. लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात १८४५ साली प्रदर्शन भरले, बोस्टनला १८४९ साली. प्रदर्शन म्हटले की परीक्षक आला, आणि परीक्षक आला की नियमांचे पुस्तक आले. इंग्लंडमधले असे पहिले पुस्तक १८६५चे. ते सिद्ध करणारा टेगेटमायर हा डार्विनला पक्ष्यांविषयी माहिती पुरवणाऱ्यांपैकी एक. अमेरिकेत १८७३ साली बफेलो येथे पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे मानक छापले गेले. ते सुधारत सुधारत आजवर निघत आहे. आज त्याचे नाव 'परिपूर्णतेचे मानक' अशा अर्थाचे आहे.

या अमेरिकी वेडाला त्या काळी 'कोंबडीचा ताप' असे नाव पडले होते. जॉर्ज बर्नहॅम या व्यापाऱ्याने त्यात भरपूर पैसा केला आणि ताप उतरल्यावर १८५५ साली त्याच तापाचा इतिहास लिहून आपल्याच गिऱ्हाइकांची खिल्ली उडवली. मेल्विलची 'कॉक-अ-डूडल-डू!' ही १८५३ची कथा याच दिवसांतली. तिच्यातला निवेदक एका कोंबड्याच्या आरवण्याने भारून जातो, हा कोणा श्रीमंताचा 'शांघाय' कोंबडा असणार असे धरून शोध घेतो, आणि तो सापडतो एका दरिद्री लाकूडतोड्याच्या झोपडीत. लाकूडतोड्या तो कोणत्याही किमतीला विकत नाही. घरात सगळी माणसे आजारी, पण कोंबडा कापलाही जात नाही. कथेचे अर्थ अनेक लावले गेले आहेत. आम्हांला तिच्यात एक साधी गोष्ट दिसते: कोंबडीची किंमत ताटाबाहेर ठरू लागल्याचा तो काळ होता.

बर्नहॅमने १८५२ साली व्हिक्टोरिया राणीला ज्या करड्या कोंबड्या भेट पाठवल्या, त्याच पुढे 'ब्रह्मा' म्हणून प्रसिद्ध झाल्या. ब्रह्मा म्हणजे ब्रह्मपुत्रा. हे पक्षी त्या नदीच्या मुखाकडून आले अशी कथा कोणी पसरवली आणि नाव चिकटले. प्रत्यक्षात त्यांचा मुख्य वंश चीनकडचा. त्यात चितगावकडच्या कोंबड्यांचे रक्त मिसळले असे मानतात. पुढली सत्तर-पंचाहत्तर वर्षे अमेरिकेत मांसासाठी या जातीला फार मागणी होती. भारताचे नाव मिरवणारी ही कोंबडी मुख्यतः चिनी होती.

जिच्यात खरोखर भारताचे रक्त होते तिचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. वॉल्टर रॅले गिल्बर्ट (१७८५–१८५३) हा कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनचा. बंगालच्या फौजेत चढत चढत तो जनरल झाला, इंग्रज-शीख युद्धांत लढला. बॉडमिनच्या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ उंच दगडी स्तंभ आहे. त्याने हिंदुस्थानातून नेलेले तांबडे असील कोंबडे इंग्लिश झुंजकोंबड्यांशी मिसळले आणि त्यातून 'इंडियन गेम' ही जात निघाली, असे परंपरेने सांगतात. मूळ हेतू झुंजीचा होता. तो पार फसला. निपजलेला पक्षी ठेंगणा, रुंद खांद्यांचा, जड छातीचा आणि झुंजीच्या कामाला मंद. पण तीच छाती ताटात शोभली. अमेरिकेच्या मानकात ही जात १८९३ साली आली ती 'कॉर्निश इंडियन गेम' म्हणून. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यातले 'इंडियन' गळाले, 'गेम'ही गळाले, आणि उरले नुसते 'कॉर्निश'. इंग्लंडमध्ये मात्र अजूनही 'इंडियन गेम' हेच नाव आहे.

'असील' हा अरबी शब्द. अर्थ कुलीन, शुद्ध वंशाचा. मुळाशी 'अस्ल'. मराठीतला 'अस्सल' त्याच मुळातला. म्हणजे 'हेरिटेज' या शब्दाने अमेरिकेत २००९ साली जे सांगायचा प्रयत्न केला, ते सांगणारा शब्द या कोंबडीच्या नावातच शतकानुशतके होता. असीलची निवड झुंजीने केली, प्रदर्शनातल्या परीक्षकाने नव्हे. झुंज क्रूर आहे, भारतात १९६०च्या कायद्याने तिला मनाई आहे, आणि त्या मनाईबद्दल आमचे काही दुमत नाही. पण निवडीचा एक मार्ग म्हणून पाहिले तर झुंज रंग पाहत नाही. हाड, स्नायू, दम आणि धीर एवढेच पाहते. असीलची मोठी, घट्ट छाती ही त्या निवडीची कमाई आहे.

थोडे विषयांतर होईल, पण ते टाळवत नाही. पाळीव कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे मत डार्विनने १८६८च्या ग्रंथात मांडले. त्याला कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लिथची मोठी मदत झाली होती. ते मत मुख्यतः टिकले आहे. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून असे दिसले की अनेक पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही; तो करड्या रानकोंबड्याकडून आला. हा करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडणारा. अमेरिकेतल्या गृहिणीला पिवळ्या कातडीची कोंबडी सकस वाटे, इंग्लंडमधल्या गृहिणीला पांढऱ्या कातडीची; त्यामुळे डॉर्किंग आणि ससेक्स पांढऱ्या कातडीच्या राहिल्या, प्लिमथ रॉक आणि कॉर्निश पिवळ्या. ही आवड केवळ रूढीची होती. पण तिच्यापायी दक्षिण भारतातल्या एका रानपक्ष्याचे जनुक ओहायोच्या भट्टीपर्यंत पोचले, आणि कोणत्याही मानकात त्याची नोंद नाही.

ओहायोचे नाव आले ते बरे झाले, कारण आमच्या विवेचनाची नायिका तिथली आहे. वॉरन या गावाजवळ राहणाऱ्या नेटी मेटकाफ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घरच्या कोंबड्यांपासून 'बकाय' ही जात तयार केली. पिवळसर कोचीन कोंबडा पट्टेदार प्लिमथ रॉक कोंबड्यांवर सोडला. त्यातून निघालेली कोंबडी त्यांना जड आणि आळशी वाटली. मग काळ्या छातीच्या तांबड्या झुंजकोंबड्याचे रक्त आणले. नातवंडांत तांबूस-महोगनी रंगाची, जाड मांड्यांची, चपळ आणि थंडी सोसणारी कोंबडी मिळाली. तुरा बसका, म्हणून हिमाने झडण्याची भीती कमी. मानकात १९०४ साली ती मान्य झाली. मानकातल्या अमेरिकन जातींमध्ये एका स्त्रीने घडवलेली म्हणून माहीत असलेली ही एकच.

एकच, हे वाचून आम्हांला आश्चर्य वाटले. कारण अमेरिकेच्या शेतघरात कोंबड्या पाहणे हे सर्रास बायकांचेच काम होते. अंडी विकून येणारा पैसा घरधनिणीचा. मांस हे त्या उद्योगाचे मुख्य फळ नव्हते. वसंतात पिल्ले निघत, त्यांतल्या निम्म्या तलंगा अंड्यांसाठी राखल्या जात, आणि उरलेले निम्मे नर उन्हाळ्याच्या अखेरीपासून एकेक करून पातेल्यात जात. अंडी थांबलेल्या जून कोंबड्या हिवाळ्यात रश्श्याला. आपल्या खेड्यांतला हिशेब याहून फार वेगळा नव्हता. पाहुणा आला की कोंबडा, हा त्याचाच एक भाग. कोणती तलंग ठेवायची आणि कोणता नर कापायचा हे ठरवणारी बाई दरवर्षी जातीची निवड करत होती, फक्त त्या कामाला कोणी 'पैदास' म्हणत नव्हते. नेटी मेटकाफ यांनी त्याच कामाला नाव दिले आणि ते नोंदवून घेतले.

त्या व्यवस्थेला पहिला धक्काही एका बाईकडूनच लागला, आणि तोही चुकीने. डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू येथील सिसिल स्टील यांनी १९२३ साली अंड्यांच्या कळपासाठी पन्नास पिल्ले मागवली, आली पाचशे. त्यांनी ती परत न करता मांसासाठी वाढवली. दोन पौंडांची झालेली ३८७ पिल्ले पौंडाला ६२ सेंट दराने विकली गेली. पुढच्या वर्षी त्यांनी हजार मागवली. १९२६ साली त्यांच्याकडे दहा हजार पक्ष्यांचा गोठा उभा होता. इथे अंडी गौण झाली, मांस मुख्य झाले, आणि कोंबडी प्रथमच हंगामातून सुटली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जे झाले ते अधिक योजनापूर्वक झाले. 'ए अँड पी' या किराणा दुकानांच्या साखळीने शेतीखात्याच्या सहकार्याने 'उद्याची कोंबडी' नावाची स्पर्धा भरवली. मनासारखी कोंबडी कशी असावी याचे मेणाचे नमुने केले गेले. राज्याराज्यांतून पैदासकारांनी अंडी पाठवली, ती एका ठिकाणी उबवली, सगळी पिल्ले एकाच खाद्यावर बारा आठवडे वाढवली आणि कापून, सोलून परीक्षकांपुढे मांडली. राष्ट्रीय अंतिम फेरी १९४८ साली डेलावेअरमधल्या जॉर्जटाउनला झाली. पहिला आला कॅलिफोर्नियाचा चार्ल्स व्हँट्रेस. त्याचा पक्षी कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर होता. शुद्ध जातींत पहिली आली आर्बर एकर्सची पांढरी प्लिमथ रॉक. पुढे या दोन धारा एकत्र आल्या. बापाकडून कॉर्निशची छाती, आईकडून रॉकची वाढ आणि अंडी. पिसे पांढरी, म्हणजे सोलल्यावर कातडीत काळे खुंट दिसत नाहीत. असीलची छाती अशा रीतीने जगातल्या जवळजवळ प्रत्येक ताटात गेली.

या स्पर्धेला खलनायक ठरवणारे लेखन पुष्कळ आहे. आम्हांला ते उथळ वाटते. स्पर्धेने कोंबडीचे मांस स्वस्त केले, आणि स्वस्त मांस ही गरिबाच्या घरी क्षुल्लक गोष्ट नसते. तिने विचारलेला प्रश्नही अप्रामाणिक नव्हता: कोंबडी सोलल्यावर हाती काय लागते? प्रदर्शनवाल्यांनी हा प्रश्न विचारणे कधीच सोडले होते. खरी अडचण पुढची आहे. संकरित पक्षी ही पोथीची अशी प्रत आहे जिच्यावरून दुसरी प्रत काढता येत नाही. कंपनीकडे मूळ वंश, त्यांचे पणजोबा-पणजी, आजोबा-आजी, आईबाप अशा पिढ्या निरनिराळ्या ठिकाणी राखलेल्या असतात, आणि आपल्या हाती येते ते शेवटचे पिल्लू. ते घरी वाढवून त्याची पिल्ले काढावी म्हटले तर वयात येईपर्यंत त्याचे पाय आणि काळीज त्याच्या वजनाला पुरत नाहीत. जगलेच तरी संतती आईबापांसारखी निघत नाही. निवड करण्याचा अधिकार खुराड्यापासून निघून कंपनीकडे गेला. डेलावेअर या जातीची कथा इथे बोलकी आहे. जॉर्ज एलिस यांनी १९४० साली ती तयार केली, आणि आधी तिचे नाव होते 'इंडियन रिव्हर'. (हे इंडियन मात्र आपण नव्हे, ती तिथल्या एका नदीची गोष्ट.) पंधरा-वीस वर्षांतच कॉर्निशच्या संकराने तिला बाजारातून घालवले.

मग जुन्या जातींचे काय? त्या प्रदर्शनांच्या आश्रयाला गेल्या, आणि इथे आमच्या मूळ प्रश्नाशी आपण परत येतो. मानकात वजन लिहिलेले होते: बकाय कोंबडा नऊ पौंड, कोंबडी साडेसहा. पण पिंजऱ्यात उभा असलेला पक्षी परीक्षक डोळ्यांनी पाहतो, आणि डोळ्याला तुऱ्याचे दाते, कानाच्या पाळीचा रंग आणि पिसावरची रेघ आधी दिसते. पन्नास वर्षे पिसे जपली गेली. वजन घटले, वाढ मंदावली, पाठी अरुंद झाल्या. कोणी जाणूनबुजून बिघडवले असे नव्हे. ज्याच्यावर कोणाची नजर नसते ते दर प्रतीगणिक थोडे थोडे झिजते, हे पोथ्यांच्या अभ्यासकांना सांगायला नको. बकाय दिसायला बकाय राहिली; शब्द शाबूत, अर्थ हरवलेला.

२००५ साली कॉन्झर्व्हन्सीने तिच्यावर काम सुरू केले तेव्हा ती अतिशय संकटग्रस्त जातींच्या यादीत होती. काम कसे केले ते आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटते. त्यांनी कोणते नवे रक्त आणले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीची कोंबडीपालनाची पुस्तके काढली आणि त्यांत मांसाची कोंबडी पारखण्याची जी हाताची रीत सांगितली होती, ती पुन्हा शिकली. डोके रुंद आहे का, कारण रुंद डोक्यामागे बहुधा रुंद शरीर असते. पाठीवर तळवा ठेवला तर ती शेपटीपर्यंत सपाट आणि रुंद लागते की निमुळती. छातीचा घेर किती. उरोस्थी लांब आणि सरळ आहे का. पंखांमागे बोटे घातली तर फासळ्या बाहेर झुकलेल्या लागतात का. मग तराजू. पुष्कळ पिल्ले काढायची, ठरल्या वयाला प्रत्येक पक्षी हातात घ्यायचा, दहांतला एखादा ठेवायचा आणि बाकीचे खायचे. काही पिढ्यांत वजन आणि वाढीचा वेग परत येऊ लागले. जात धोक्याच्या यादीत नंतर खालच्या पायरीवर आली.

'बाकीचे खायचे' हे या रीतीतले गौण कलम नाही. संवर्धन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अभयारण्य येते: मारू नका, हात लावू नका. इथे उलटे आहे. ज्याला एकही कोंबडा कापवत नाही त्याच्या अंगणात जात टिकत नाही, कारण तो निवडच करत नाही. आणि ज्याला सगळे कापायचे आहेत त्याच्याकडे ती अर्थातच टिकत नाही. उत्तम नर ताटात जाऊ न देणे ही घरच्या पैदासकाराची खरी परीक्षा. तोच सर्वांत आधी वाढतो, तोच सर्वांत जड, आणि दसरा-दिवाळीसारखा त्यांचा सणही नेमका त्याच सुमाराला येतो.

घरच्या लहान कळपाची दुसरी अडचण नात्यागोत्याची. पाच-सहा कोंबड्या आणि एक कोंबडा एवढ्यावर काही वर्षांत रक्त जवळ येते, अंडी फोल निघू लागतात, पिल्ले मरतुकडी होतात. त्यावर जुना उपाय तीन घराण्यांचा. कळपाचे तीन भाग करायचे. मुली आईच्या घरातच राहतात, मुलगे दरवर्षी शेजारच्या घरी जातात: पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. पायातल्या कड्यांच्या रंगावरून घराणे ओळखायचे. लग्ने ठरवताना गोत्र पाहणाऱ्या आपल्या वाचकांना हे समजायला वेळ लागू नये, फक्त इथे सासरी मुलगा जातो.

आपल्याकडे परत येऊ. परदेशी वंशांच्या आधारावर गेल्या अर्धशतकात महाराष्ट्रात ब्रॉयलरचा उद्योग उभा राहिला आणि असीलची छाती बॉडमिन-डेलावेअर असा फेरा करून इथे परतली. मूळ असील आंध्र, ओडिशा, छत्तीसगड या टापूत आहे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि तो मिळाला मांसाच्या नावाने, हे मानकाच्या इतिहासाशी ताडून पाहण्यासारखे आहे. परसातल्या कोंबडीपालनासाठी हैदराबादच्या संस्थेने 'वनराजा' आणि बंगळूरच्या विद्यापीठाने 'गिरिराज' काढली. रंगीत, काटक, गावठीहून जड. त्यांचा उपयोग आम्ही नाकारत नाही. पण त्याही संकरातून आलेल्या; गुण टिकवायचे तर पिल्ले पुन्हा संस्थेकडूनच आणावी लागतात. परस आपले, पोथी त्यांची.

आणि या कोंबड्या खुडूक बसत नाहीत, किंवा क्वचितच बसतात. अंडी अधिक हवी असतील तर खुडूक होणे हा दोष ठरतो, म्हणून तो पैदाशीतून काढला जातो. कॉन्झर्व्हन्सीची चार कलमे आम्ही या दृष्टीने पुन्हा वाचली. संयोग नैसर्गिक असावा असे त्यांत आहे. अंडी कोंबडीनेच उबवावीत असे कुठेही नाही. तिथल्या बहुतेक घरगुती कळपांत ते काम विजेची पेटी करते, आणि व्याख्येला त्यात काही वावगे वाटत नाही. गावरान कोंबडीच्या बाबतीत आपल्या आज्या जे जाणत होत्या ते बरेचसे याच कलमाबाहेरच्या भागात होते: कोणती कोंबडी खुडूक झाली की टिकून बसते आणि कोणती चार दिवसांत उठते, तिच्याखाली किती अंडी मावतील, अंडी उजेडासमोर धरून फोल कशी काढायची, एकविसाव्या दिवशी डालग्याजवळ कोणाला फिरकू द्यायचे नाही.